मुंबईच्या रस्त्यांचीं नांवें
(नभोवाणीवरील भाषण)

पायधुणीच्या नाक्यावरून रोज असंख्य पाउलें जातात. परंतु पाय धुण्याकरितां तेथें कोणी थांबत नाहीं. थांबावयाचें म्हटलें तरी पाणी कोठें आहे? चोहोंकडे दुकानें, हातगाड्या, देवळें, मशिदी आणि माणसांची रेटारेटी. तथापि ज्या काळीं हें नांव पडलें त्या काळीं तें अक्षरशः खरें होतें. मुंबई तेव्हां एक सलग बेट नव्हतें. तो सात बेटांचा पुंजका होता. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे आणि आजच्या कामाठीपुऱ्याच्या व भायखळ्याच्या सखल भागांत पसरे. ओहोटीच्या वेळीं चिखल तुडवीत जो वाटसरू मुंबईच्या बेटाला लागे, तो येथील ओहोळांत पाय स्वच्छ करून मग वस्तींत शिरे. म्हणून ती पायधुणी. पुढें विल्यम हॉर्नबी या गव्हर्नराच्या कारकीर्दींत, म्हणजे १७७१ ते १७८४ या काळांत, वरळीचा बांध घातला गेला व समुद्राची वाट अडली. पाय मळण्याचें कारण संपलें. नांव मात्र जवळजवळ अडीचशें वर्षें टिकून राहिलें.

मुंबईच्या नांवांकडे पाहूं लागलें म्हणजे पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, त्यांत पाण्याचा भरणा फार मोठा आहे. आणि त्यांतील बहुतेक ठिकाणीं आज थेंबभर पाणी नाहीं. धोबी तलाव, गोवालिया तलाव, खारा तलाव, दोन टांकी, हीं सारीं ठिकाणें कोरडीं ठणठणीत आहेत. नळाचें पाणी येण्यापूर्वीं हें शहर विहिरींवर व तळ्यांवर जगत होतें, आणि पाणवठा हीच वस्तीची खूण असे. धोबी तलावाची हकीकत विशेष मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रामजी कावसजी बानाजी या उदार पारशी गृहस्थानें पदरचा पैसा खर्चून हा तलाव नीट करविला. सरकारनें त्याची आठवण म्हणून तलावास फ्रामजी कावसजी यांचें नांव दिलें. नांव देणारे प्रामाणिक होते आणि ज्याला दिलें तो पुरुषहि त्या मानास पात्र होता. पण लोकांनीं तेथें धोबी कपडे आपटतांना पाहिले होते. ते धोबी तलावच म्हणत राहिले. पुढें तलाव बुजविला गेला, धोबीहि गेले, तरी लोकांनीं आपला शब्द सोडला नाहीं. फ्रामजींचें नांव त्या जागीं उभ्या राहिलेल्या संस्थेच्या इमारतीनें सांभाळलें आहे.

गोवालिया तलावावर गवळी आपलीं गुरें धुण्यास आणीत. तोहि तलाव बुजला व त्याचें मैदान झालें. त्याच मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजीं काँग्रेसच्या महासमितीनें ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर केला, दुसऱ्या दिवशीं पुढारी तुरुंगांत असतांना अरुणा असफअली यांनीं तेथें तिरंगा उभारला. आज त्याला ऑगस्ट क्रांति मैदान म्हणतात, आणि तें नांव त्या जागेनें स्वतःच्या कर्तबगारीनें मिळविलेलें आहे.

पाण्यानंतर झाडें. उमरखाडी म्हणजे उंबराजवळची खाडी. चिंचपोकळी म्हणजे चिंचांनीं भरलेली सखल जागा. भायखळ्याचा संबंध कोणी बहाव्याच्या झाडाशीं लावतात, तर कोणी भाया नांवाच्या इसमाच्या खळ्याशीं. खळें मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. गिरगांवांत शिरल्यावर फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी अशी सगळी परसबागच लागते. मुगभाट, बोरभाट, कोळभाट या नांवांतील ‘भाट’ हा शब्द आतां मुंबईच्या बोलींतून गेला आहे. परंतु गोमंतकांत माडांच्या बागेला आजहि भाट म्हणतात, आणि तेथील माणसाला गिरगांवच्या या गल्लीबोळांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. दिवे गेले आणि वाऱ्याचा आवाज कानीं पडला तर तेवढ्यापुरतें वाटावें कीं गिरगांव अजून माडांचें बन आहे. एरवीं झाड म्हणून उरलें आहे तें पाटीवर.

भेंडी बाजाराविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. इंग्रज लोक बाजाराच्या पलीकडील भागाला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत आणि त्याचा अपभ्रंश होऊन भेंडी बाजार झाला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट चतुर आहे, आणि चतुर गोष्टी फार लवकर पसरतात. परंतु शेजारींच उमरखाडीचा उंबर आहे, थोड्या अंतरावर चिंच बंदराची चिंच आहे. मग मधल्या जागेला भेंडीच्या झाडावरून नांव पडण्यांत अस्वाभाविक तें काय? ही भेंडी म्हणजे भाजीची नव्हे. पिवळ्या फुलांची, दाट सावलीची, समुद्राकांठीं सुखानें वाढणारी. देशी माणूस रोज दिसणाऱ्या झाडाचें नांव टाकून परक्यांच्या बोलण्यांतून स्थलनाम बनवील, हें पटण्यास जड जातें.

चर्नी रोडबद्दलहि असाच मतभेद आहे. ठाण्याच्या चेंदणी भागांतील लोक येथें येऊन राहिले, त्यावरून चेंदणीची चर्नी झाली, असें एक मत. दुसरें मत गुरांच्या चरणीचें. कंपनी सरकारनें किल्ल्याबाहेरील मैदानांत गुरें चारण्यावर कर बसविला. गरिबांना तो जड झाला. तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांनीं ठाकुरद्वाराजवळ समुद्राकांठची कुरणाची जमीन विकत घेऊन ती गुरांना मोकळी करून दिली. चेंदणीचें मत विद्वानांचें आहे, चरणीचें लोकांचें. निकाल कसाहि लागो, जमशेटजींचें दातृत्व त्यामुळें कमी होत नाहीं.

धंद्यांवरून पडलेलीं नांवें फारशी चर्चा मागत नाहींत. लोहार चाळ, सुतार चाळ, कुंभारवाडा, तांबाकांटा, चिरा बाजार, झवेरी बाजार हीं आपापला अर्थ घेऊनच उभीं आहेत. कामाठीपुरा मात्र सांगावयास हवा. आज त्या नांवाला जी अपकीर्ति चिकटली आहे ती मागाहूनची. मुळांत तेथें तेलंगणाकडून आलेले कामाठी राहात. ते बांधकामावर राबणारे मजूर होते. मुंबईच्या घरांना व रस्त्यांना त्यांचे हात लागले. शहरानें त्यांच्या वस्तीला त्यांचें नांव दिलें आणि मग त्याच नांवानें मान खालीं घालावी अशी पाळी आणली.

मशीद बंदर या नांवानें तर बाहेरून येणारा हमखास फसतो. ज्या मशिदीवरून हें नांव पडलें असें सांगतात, ती मुसलमानांची मशीद नसून ज्यूंचें प्रार्थनामंदिर आहे. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारा, शनिवारीं काम बंद ठेवणारा व म्हणून ‘शनिवार तेली’ या नांवानें ओळखला जाणारा बेने इस्राएल समाज मराठीच बोले. त्या समाजांतील समाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युएल एझिकेल म्हणत, हे कंपनीच्या पलटणींत होते. टिपूच्या कैदेंतून सुटून आल्यावर त्यांनीं १७९६ मध्यें मुंबईंतील आपल्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें नांव ‘शारे रहामीम’, म्हणजे दयेचें द्वार. शेजारपाजारच्या लोकांनीं त्याला सरळ ‘जुनी मशीद’ म्हटलें. रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हें नांव मिळालें आणि दिवे गांवच्या या मराठी ज्यूची आठवण नकाशावर राहिली.

आतां किल्ल्यांत, म्हणजे फोर्टांत, शिरावें. येथें साहेबाची जीभ चालली आहे. कोळ्यांचें पालवा बंदर गोऱ्या खलाशांच्या तोंडीं ‘पोलो’ झालें आणि थोड्याच काळांत त्याचें ‘अपोलो’ होऊन मासळीच्या बंदरावर ग्रीक लोकांचा सूर्यदेव येऊन बसला. पुढें सरकारनें त्याला वेलिंग्टनचें नांव देऊन पाहिलें. तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. ‘गनबो स्ट्रीट’ हें नांव ऐकून एखाद्या इंग्रज गोलंदाजाची आठवण व्हावी. पण तो आपला गणबा. नाना शंकरशेट यांच्या घराण्याचे पूर्वज गणबाशेट यांच्यावरून ती गल्ली ओळखली जाई असें सांगतात. चर्चगेट म्हणजे १७१८ मध्यें खुल्या झालेल्या सेंट टॉमसच्या देवळाकडे जाणारा तटाचा दरवाजा. १८६० नंतरच्या दशकांत तट पाडले गेले, दरवाजा गेला, आणि आज त्या नांवानें रेल्वेचें स्टेशन गजबजलेलें आहे.

किल्ल्याबाहेरील रस्त्यांत बेलासिस रोडची हकीकत मनाला चटका लावणारी आहे. १७९३ मध्यें हा रस्ता झाला. सुरतेकडील दुष्काळानें देशोधडीस लागलेले लोक मुंबईंत आले होते; त्यांना पोटास मिळावें म्हणून लोकवर्गणी गोळा करून हें काम काढलें आणि त्यांच्याकडून रस्ता बांधवून घेतला. ज्यांच्या हुकुमानें काम झालें ते मेजर जनरल बेलासिस. म्हणून रस्ता त्यांच्या नांवाचा. ही सारी हकीकत त्या काळीं दगडावर कोरून ठेविली होती. कोरणाऱ्याची सचोटी वाखाणण्यासारखी कीं त्यानें राबणाऱ्यांचा उल्लेख केला. पण दगड वाचतो कोण? दोनशें वर्षें लोकांच्या तोंडीं राहिला तो जनरल. आतां त्या रस्त्याला जहांगीर बोमन बेहराम यांचें नांव आहे. सुरतेचे ते भुकेले लोक पहिल्या नांवांत नव्हते व दुसऱ्यांतहि नाहींत.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरांचीं नांवें एकामागून एक उतरलीं. हॉर्नबी रोडला दादाभाई नौरोजी, एस्प्लनेड रोडला महात्मा गांधी, क्वीन्स रोडला महर्षि कर्वे, लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर, सँडहर्स्ट रोडला सरदार वल्लभभाई पटेल, गिरगांव रोडला जगन्नाथ शंकरशेट यांचें नांव दिलें गेलें. यांत गैर कांहीं नाहीं. तीं जुनीं नांवें वरून उतरलेलीं होतीं, जमिनींतून उगवलेलीं नव्हतीं. जेत्यांनीं लाविलीं, जेते गेल्यावर गेलीं. परंतु या नव्या नांवांचें पुढें काय झालें हेंहि पाहिलें पाहिजे. दादाभाईंचा ‘डी. एन. रोड’ झाला, महात्माजींचा ‘एम. जी. रोड’, सरदारांचा ‘एस. व्ही. पी. रोड’, आणि नाना शंकरशेटांसारख्या पुरुषाचा ‘जे. एस. एस. रोड’. हॉर्नबीचें नांव लोक निदान पुरें उच्चारीत असत. ज्यांना मान द्यावयाचा त्यांचीं इंग्रजी आद्याक्षरें तेवढीं ठेवून बाकीचा माणूस गाळून टाकावयाचा, हा मान कसला? त्या रस्त्यावर वाढलेल्या मुलाला विचारावें कीं ‘जे’ म्हणजे कोण. बहुधा उत्तर मिळणार नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, बदलाच्या लाटेंत गव्हर्नरांबरोबर चिंचाहि वाहून गेल्या. सेंट टॉमसच्या देवळाजवळ एक मोठी चिंच होती; तिच्यावरून जवळच्या गल्लीला टॅमरिंड लेन म्हणत. गरम पाण्याच्या हमामावरून एक हमाम स्ट्रीट होती. या नांवांनीं कोणाची गुलामगिरी सांगितली नव्हती. तरी त्यांच्या पाट्या बदलल्या.

उलटपक्षीं, बदल करतांना जुनेंच नांव परत आणल्याचीं उदाहरणेंहि आहेत, आणि तीं समाधान देतात. १९९५ मध्यें शहराचें इंग्रजी नांव ‘बॉम्बे’ जाऊन मुंबई झालें. मराठी माणसाच्या तोंडीं तें कधींच दुसरें नव्हतें. १९९६ मध्यें व्हिक्टोरिया टर्मिनसला छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव देण्यांत आलें. त्या जागेला जुनी मंडळी बोरीबंदरच म्हणत. २०१८ मध्यें एल्फिन्स्टन रोड स्टेशनचें प्रभादेवी झालें. तो एल्फिन्स्टन म्हणजे शाळाखात्याचा पाया घालणारा माउंटस्टुअर्ट नव्हे. १८५३ ते १८६० पर्यंत गव्हर्नर असलेला लॉर्ड एल्फिन्स्टन. प्रभादेवी मात्र त्या भागाची स्वतःची देवी, आणि तिच्या देवळावरून त्या वस्तीचें नांव साहेबाच्या आधींचें.

दादरच्या शिवाजी पार्काला हें नांव १९२७ मध्यें, इंग्रजी अंमलांतच, नगरपालिकेंतील अवंतिकाबाई गोखले यांच्या खटपटीनें मिळालें. त्याच्या कडेनें जाणाऱ्या रस्त्याला केळुसकरांचें नांव आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलांत शिक्षक होते. त्यांनीं शिवछत्रपतींचें मोठें चरित्र लिहिलें. आणि १९०७ मध्यें मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला आपण लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. गव्हर्नर, सेनापति आणि शेटसावकार यांच्या गर्दींत एका शाळामास्तराला रस्ता मिळाला, आणि तोहि त्यानें ज्याचें चरित्र लिहिलें त्या राजाच्या नांवाच्या मैदानाशेजारीं, ही योजना ज्यांना सुचली त्यांच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे.

नगरपालिकेनें फार मोठा खर्च न करितां एवढें करावें कीं, प्रत्येक पाटीवर नांव पूर्ण लिहावें, आणि त्याखालीं जुनें नांव व तें कां पडलें याची एक ओळ द्यावी. पायधुणीला ती ओळ अगदीं थोड्या शब्दांत होईल. बोमन बेहराम मार्गावर तिला थोडी अधिक जागा लागेल, कारण तेथें सुरतेहून आलेल्या त्या लोकांचाहि उल्लेख करावा लागेल.