सरळ उडणारा अग्निबाण



दिवाळीत उडवल्या जाणाऱ्या बाणाला काडी असते ती केवळ तो बाटलीत उभा करण्यासाठी, असा अनेकांचा समज असतो. परंतु तीच काडी मोडली की बाण जमिनीवरून फरफटत जातो, भिंतीवर आदळतो, प्रसंगी माणसाच्या अंगावर येतो. नळी तीच आणि दारूही तीच असताना एका काडीवाचून एवढा अनर्थ का व्हावा? छंद म्हणून छोटे अग्निबाण बांधणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच दिवशी शोधावे लागते. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. मराठी बखरींतून तोफा-जेजालांच्या बरोबरीने बाणांचे उल्लेख येतात. म्हैसूरच्या हैदर अली व टिपू सुलतान यांच्या सैन्याने लोखंडी नळीला लांब बांबू बांधून केलेले बाण इंग्रजांविरुद्ध वापरले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांतील काही इंग्लंडला नेण्यात आले, आणि त्यांच्या अभ्यासातून विल्यम काँग्रीव्ह यांनी आपले बाण सिद्ध केले. त्यांनाही काडी होतीच. विल्यम हेल यांनी १८४४ मध्ये बाणाला स्वतःभोवती फिरवून काडी काढून टाकली. काडी उपयोगी पडते हे सर्वांना ठाऊक होते; ती का उपयोगी पडते हे मात्र पुष्कळ काळ नीट मांडले गेले नव्हते.

मोकळ्या हवेत उडणारी वस्तू वळते ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे दोऱ्याला टांगली असता जेथे ती समतोल राहते त्या बिंदूभोवती. बाण किंचित तिरका झाला की हवा त्याच्या अंगावर बाजूने दाब देते. हा सारा दाब एकाच ठिकाणी एकवटला आहे असे मानले, तर त्या ठिकाणाला दाबमध्य म्हणता येईल. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर हवेचा रेटा शेपटाला परत रेषेत आणतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा याच न्यायाने वाऱ्याकडे तोंड करतो. उलट, दाबमध्य पुढे गेला तर तोच रेटा तिरपेपणा वाढवतो आणि बाण कोलांट्या खातो. काडी लांब पण हलकी असते. तिच्यामुळे गुरुत्वमध्य थोडा मागे सरकतो आणि दाबमध्य त्याहून पुष्कळ मागे जातो. तिचे सारे काम एवढेच आहे.

थोरामोठ्यांनाही हे सहज उमगले नव्हते. रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला, सुमारे १२ मीटर वर चढला आणि ५६ मीटरांवर जाऊन पडला. त्याचे इंजिन टोकाशी होते आणि इंधनाच्या टाक्या खाली होत्या. बैल पुढे जुंपले की गाडी मागून सरळ येते, तसा काहीसा हा विचार होता. परंतु बैल जमिनीवर चालतात, आणि इंजिन मात्र बाणालाच जखडलेले असते. बाण कलला की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो. पुढे गोडार्ड यांनी इंजिन खाली आणले.

या विद्येला सुरक्षित छंदाचे रूप दिले ते एका दुकानदाराने. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक गावी पादत्राणांचे दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाची आवड होती. १९५४ मध्ये त्यांनी कागदाची नळी, हलक्या बाल्सा लाकडाचे पंख, बदलता येणारे छोटे इंजिन आणि परतीसाठी हवाई छत्री असा अग्निबाण तयार केला. १९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन या अग्निबाणतज्ज्ञाचा सुरक्षिततेवरील लेख वाचून त्यांनी आपले नमुने त्याच्याकडे पाठवले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला स्पुटनिक आकाशात गेला आणि असंख्य मुले घरच्या घरी लोखंडी नळ्यांत ज्वालाग्राही मिश्रणे ठासू लागली. अशी नळी फुटली म्हणजे तिचा बॉम्बच होतो. स्टाइन यांनी कारखान्यात तयार झालेल्या इंजिनाचा, बिनधातूच्या बाणाचा आणि लेखी नियमांचा आग्रह धरला, आणि त्यातून या छंदाची शिस्त घडली.

इंजिन तयार मिळू लागले तरी बाणाचा आकार ज्याचा त्याने ठरवायचा होता. दाबमध्य शोधण्याची जुनी रीत अशी, की बाणाची बाह्याकृती पुठ्ठ्यावर कापावी आणि ती पट्टीच्या धारेवर तोलावी. ही रीत बाण पूर्ण आडवा आहे असे धरून चालते. म्हणून तिने मिळणारा दाबमध्य खऱ्याहून पुढे येतो आणि बाण विनाकारण जड करावा लागतो. नासाच्या गोडार्ड अवकाश उड्डाण केंद्रात काम करणारे जेम्स बॅरोमन आणि त्यांच्या पत्नी ज्यूडिथ यांनी १९६६ मध्ये छांदिष्टांच्या राष्ट्रीय मेळाव्यात यासाठी सोपी गणिती पद्धत मांडली. शाळेतील विद्यार्थ्यालाही ती वहीत करता येते.

एक उदाहरण घेऊ. बाणाचा व्यास २५ मिलिमीटर. निमुळते, गोलसर टोक ८० मिलिमीटर आणि नळी ३०० मिलिमीटर लांब. शेपटाशी तीन पंख. प्रत्येक पंख मुळाशी ६०, टोकाशी ३० आणि नळीपासून बाहेर ४० मिलिमीटर, मागची कड नळीच्या तोंडाशी सरळ रेषेत. या पद्धतीने टोकाचा प्रभाव २ येतो व तो शेंड्यापासून ३७ मिलिमीटरवर लागतो. पंखांचा प्रभाव १६ येतो व तो ३४५ मिलिमीटरवर लागतो. सरळ नळीचा प्रभाव शून्य धरतात. सरासरी काढली की दाबमध्य ३११ मिलिमीटरवर पडतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे किमान एका व्यासाइतका असावा असा संकेत आहे. रिकामा बाण ४० ग्रॅमचा असून २१५ मिलिमीटरवर तोलत असेल आणि शेपटात १६ ग्रॅमचे इंजिन बसवले, तर गुरुत्वमध्य २५२ वर येतो. म्हणजे अंतर दोन व्यासांहून अधिक राहते. बाण निर्धास्त उडवावा.

आता हौशी माणसाला दोन मोह होतात. पंख सुबक दिसावेत म्हणून त्यांची बाहेरची रुंदी निम्मी केली, तर पंखांचा प्रभाव १६ वरून ५ वर घसरतो आणि दाबमध्य २५७ वर येतो. अंतर उरते केवळ ५ मिलिमीटर. त्यातच बाण उंच जावा म्हणून ४२ ग्रॅमचे मोठे इंजिन घातले, तर गुरुत्वमध्य २८२ वर जाऊन दाबमध्याच्या मागे पडतो. असा बाण दांडीवरून सुटताच उलटेल. दिसायला तो पहिल्याहून देखणा आणि जोरदार असेल, हाच त्यातला धोका. मोठे इंजिन बाजूला ठेवून पहिलेच छोटे इंजिन वापरले आणि शेंड्याच्या आत ७ ग्रॅम माती भरली, तर निम्म्या पंखांचा बाणही पुन्हा नियमात बसतो.

आकडेमोड नको असेल त्याने दोरा घ्यावा. न पेटवलेले इंजिन आणि घडी घातलेली छत्री आत ठेवून बाण गुरुत्वमध्याशी बांधावा व मोकळ्या जागी डोक्याभोवती फिरवावा. टोक पुढे ठेवून तो फिरत राहिला तर उडवण्यास योग्य. दारू जळेल तसे शेपूट हलके होऊन गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणून उड्डाणाचा आरंभच सर्वांत नाजूक असतो. शिवाय वेग आल्याखेरीज पंखांना हवेचा आधार मिळत नाही. तोवर सुमारे मीटरभर लांबीची दांडी बाणाला वाट दाखवते. याचा अर्थ पंख हवे तेवढे मोठे करावेत असाही नाही. फार मोठ्या पंखांचा बाण वाऱ्याच्या दिशेने झुकतो आणि दूर जाऊन पडतो.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. आपल्याकडे स्फोटक द्रव्ये बनवण्यावर व बाळगण्यावर कायद्याची बंधने आहेत आणि ती रास्त आहेत. इंजिन घरी कधीही बनवू नये. उड्डाण मोकळ्या मैदानावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, विजेच्या कळीने आणि किमान साडेचार मीटर दुरून करावे. परंतु कागदाचा बाण कापणे, तो दोऱ्यावर तोलणे, त्याचा दाबमध्य वहीत काढणे, यांसाठी ठिणगीही लागत नाही. ज्या मुलाला पंख कापण्याआधी हे गणित करण्याची सवय लागेल, त्याच्या हाती पुढे इंजिन सोपवायला पालकांनी कचरण्याचे कारण नाही.