घरचा पहारा आणि उशिरा येणारे चित्र



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात राष्ट्र, साहित्य, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय मांडण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती आहे. दारावर, जिन्यात किंवा अंगणात बसविलेला पहाऱ्याचा कॅमेरा परगावाहून मोबाइलवर पाहू गेले असता चित्र अडखळत का येते आणि ते सुरळीत कसे करावे, एवढाच तो विषय. परंतु विषय लहान म्हणून त्याचे महत्त्व लहान ठरत नाही. वृद्ध आईवडील दोघेच घरात आणि मुलगा कॅलिफोर्नियात, अशी घरे आज आपल्या प्रत्येक पेठेत सापडतील. उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इकडे सकाळचे साडेदहा झालेले असतात. निजण्यापूर्वी आई घरात हिंडताफिरताना दिसली, म्हणजे त्या मुलाचा जीव भांड्यात पडतो. नेमके त्याच वेळी पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिले, तर त्याच्या मनात नाही नाही ते येते. म्हणून हा प्रश्न यंत्राचा असला, तरी त्याची टोचणी माणसाच्या काळजाला आहे.

चित्र उशिरा आले की आपण पहिला दोष देतो तो अंतराला. 'अमेरिका का जवळ आहे?' असे आपण म्हणतो. हिशेब करून पाहू या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबईपासून सॅनफ्रान्सिस्को सरळ रेषेत सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला सेकंदाचा पंधरावा हिस्सा पुरतो. समुद्राखालच्या तारांचे वळसे आणि वाटेतील ठाणी धरली, तरी जाऊन-येऊन साधारण पाव सेकंदाचा मामला. मग चित्र दहा-दहा सेकंद थांबते, ते कोठे? आमचे उत्तर असे की, बहुतेक वेळा ते आपल्याच घराच्या उंबरठ्यावर थांबते.

जुन्या वाड्याचे महाद्वार आपण पाहिले आहे. त्यातच एक लहान दिंडी दरवाजा असतो. इंटरनेटच्या पुष्कळ जोडण्या अशाच असतात. बाहेरून आत येणारा माल महाद्वाराने येतो. त्यास डाऊनलोड म्हणतात. आतून बाहेर जाणारा माल दिंडी दरवाजाने वाकून जातो, तो अपलोड. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील एडीएसएल-२ प्लस या पद्धतीत आत येण्याचा वेग २४ एमबीपीएसपर्यंत, तर बाहेर जाण्याचा सामान्यतः दीडच्याही आत असे. आता काचेच्या तंतूची जोडणी घरोघर येत आहे आणि तिच्यावर दोन्ही वेग सारखे मिळू शकतात. परंतु सर्वच योजनांत ते सारखे असतात असे नाही. आपण सिनेमा पाहतो तो महाद्वाराने येतो, म्हणून 'आमचे इंटरनेट उत्तम आहे' अशी आपली खात्री असते. कॅमेऱ्याचे चित्र मात्र घराबाहेर जायचे असते, आणि त्याची वाट दिंडी दरवाजातून आहे!

येथे दुसरा हिशेब करू. चांगल्या स्पष्टतेच्या एका कॅमेऱ्याला साधारण २ ते ४ एमबीपीएस लागतात. चार कॅमेरे एकदम पाहू म्हटले, तर ८ ते १६. दिंडी दरवाजा ५ चा असेल, तर गर्दी होणारच. त्यातच घरातील मोबाइल आपापले फोटो दूरच्या साठ्यात चढवू लागले, म्हणजे राऊटरमध्ये रांग लागते. समजा, या रांगेत १ मेगाबाइट माल तुंबला आणि बाहेर जाण्याचा वेग १ एमबीपीएस आहे. एका मेगाबाइटचे ८ मेगाबिट होतात. तेव्हा रांगेतील शेवटच्या तुकड्याला ८ सेकंद उभे राहावे लागेल. समुद्र ओलांडायला पाव सेकंद आणि उंबरठा ओलांडायला आठ सेकंद, असा हा प्रकार आहे.

कारण कळले म्हणजे उपाय सुचतो. परंतु वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग मात्रा देतो. आपल्याकडे बहुधा उलट घडते. चित्र अडखळले की नवा कॅमेरा आणावयाचा, आणि तोही अधिक स्पष्ट चित्राचा! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ती हीच गोष्ट. म्हणून आम्ही परीक्षेचा एक क्रम सुचवितो.

पहिली परीक्षा घरातली. रेकॉर्डर असेल तर त्याला जोडलेल्या पडद्यावर चित्र पाहावे. नसेल तर घरच्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये पाहावे. रेकॉर्डरच्या पडद्यावरच चित्र अडखळत असेल, तर बाहेरच्या जोडणीचा त्यात दोष नाही. कॅमेरा, तार किंवा वाय-फाय तपासावे. दुसरी परीक्षा बाहेरची. मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच चित्र पाहावे. घरात ठीक आणि बाहेर मंद, असे झाले तर दोष उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे. तिसरी परीक्षा पाहणाऱ्याची. त्याच मोबाइलवर, त्याच जागी दुसरी एखादी चित्रफीतही अडखळत असेल, तर बिचाऱ्या कॅमेऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. चौथी परीक्षा मापाची. वेग मोजून अपलोडचा आकडा लिहून घ्यावा. सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा.

आता उपाय. वाय-फायचा दोष असेल तर शक्य तेथे कॅमेऱ्याला तार द्यावी. तार देणे शक्य नसेल तर राऊटर जवळ आणावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात, पण शेजारीपाजारी सर्वांची गर्दी त्याच पट्ट्यात असते. तेथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर न पडता चालतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा, पण दगडी भिंतीपुढे तो लवकर दमतो.

दोष दिंडी दरवाजाचा असेल तर माल हलका करावा. बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह देतात: मुख्य प्रवाह मोठ्या चित्राचा, उपप्रवाह लहान चित्राचा. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर उपप्रवाह पुरेसा आहे. घरातील नोंद मात्र मुख्य प्रवाहाची ठेवावी. एकावेळी एकच कॅमेरा उघडावा. २००३ सालच्या एच.२६४ या पद्धतीऐवजी २०१३ सालची एच.२६५ निवडली, तर तेवढ्याच चांगल्या चित्राला निम्म्याच्या आसपास माल पुरतो; मात्र पाहणारा मोबाइल फार जुना नसावा. आणखी एक बारकावा आहे. कॅमेरा प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठवीत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या वेळात फक्त बदल पाठवितो. पूर्ण चित्र दर ४ सेकंदांनी येत असेल, तर उघडताक्षणी आपल्याला ४ सेकंदांपर्यंत वाट पाहावी लागते. हे अंतर एक-दोन सेकंदांवर आणले की चित्र चटकन उघडते. माल थोडा वाढतो, एवढेच.

हे सर्व करूनही मंदपणा राहिला तर मध्यस्थाकडे पाहावे. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक सेवादाते शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. एका चाळीला एकच टपालपेटी असावी तसे. अशा वेळी मोबाइल आणि कॅमेरा यांची थेट गाठ पडत नाही आणि चित्र कंपनीच्या दूरच्या सर्व्हरमार्गे वळसा घेऊन येते. सेवादात्याकडून स्वतंत्र पत्ता मिळतो का, हे विचारणे हा येथे मार्ग आहे.

आणि येथेच आम्हाला सावधगिरीचा शब्द सांगावयाचा आहे. वेगासाठी कोणी तंत्रज्ञ राऊटरमध्ये कॅमेऱ्याकडे जाणारे दार कायमचे उघडून देतो. चित्र येते झपाट्याने. पण त्या दाराने मुलगाच येईल असा नेम नाही. २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने कारखान्यातूनच आलेले, कोणी न बदललेले पासवर्ड वापरून हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. पहारेकरीच दरोड्यात सामील झाला! म्हणून पासवर्ड बदलावा, कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम अद्ययावत ठेवावा, आणि थेट दार हवेच असेल तर व्हीपीएनचे कुलूप लावूनच ते ठेवावे. दोन सेकंदांसाठी आईच्या स्वयंपाकघराचे दार जगाला उघडे टाकणे हा सौदा शहाणपणाचा नव्हे.

शेवटी, श्रोतेहो, यंत्राची मर्यादाही ओळखावी. चित्र अडखळले तरी घरातील रेकॉर्डरवर नोंद बहुधा चालूच असते, तेव्हा चक्र फिरले म्हणजे अनर्थ झाला असे समजू नये. उलट चित्र अगदी स्वच्छ दिसले, तरी पडलेल्या माणसाला ते हात देऊ शकत नाही. तेथे शेजारीच लागतो. म्हणून कॅमेरा बसविण्यापूर्वी ज्यांच्यावर तो रोखला जाणार त्या आईवडिलांना विचारावे, आणि बसविल्यावर शेजारच्या दोन घरांचे फोन नंबर जवळ ठेवावेत. चित्र मंद असेल तेव्हा आधी आईला फोन करावा. तिचा आवाज फार थोड्या मालात येतो, आणि मुलाला हवी असलेली खबर त्यात पुरेपूर असते.