इंग्लंडात ड्रॉप्ड कर्ब: आधी अर्ज, मग पेव्हिंग

आजचा भाग खास करून इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतलेल्या आपल्या लोकांसाठी. बाकीच्यांनीही ऐका, पुण्याशी तुलना होणारच आहे.

विषय आहे ड्रॉप्ड कर्ब. फुटपाथच्या कडेचा दगड, म्हणजे कर्ब, रस्त्यापासून साधारण १०-१२ सेंटिमीटर उंच असतो. अंगणात गाडी न्यायची तर तो काढून तिथे बुटका दगड बसवायचा, रस्त्यापासून जेमतेम अडीच सेंटिमीटर वर. शिवाय मागचा फुटपाथ गाडीचं वजन पेलेल इतका पक्का करायचा, कारण तो माणसांसाठी बांधलेला असतो आणि खालून पाण्याचे, गॅसचे पाइप आणि केबली गेलेल्या असतात.

पुण्यात आपण काय करतो? गेटसमोर सिमेंटचा उतार ओततो, विषय संपला. इथे रस्त्याच्या कडेला नुसती लाकडी फळी टाकलेलीही चालत नाही. तुम्ही रोज फुटपाथवरून गाडी नेत असाल, तर १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम १८४ खाली नोटीस देऊन क्रॉसिंग बांधायचं आणि खर्च तुमच्याकडून घ्यायचा, हा अधिकार हायवे अथॉरिटीला आहे.

आता मुख्य गोष्ट. पैसे तुमचे, पण फुटपाथ सगळ्यांचा. काम झाल्यावरही तो तुमचा होत नाही, तुम्हाला मिळतो फक्त त्यावरून गाडी नेण्याचा हक्क. हे एकदा डोक्यात बसलं की काउन्सिलचे नियम विचित्र वाटत नाहीत.

लोक अडकतात ते क्रमात. ड्राइव्हवेवाला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "पेव्हिंग करून टाकू, कर्बचं नंतर बघू." बाग गेली, काही हजार पाउंड गेले, आणि मग काउन्सिलचा माणूस टेप घेऊन येतो. बऱ्याच काउन्सिलना घराची भिंत ते फुटपाथ किमान ४.८ ते ५ मीटर खोली लागते. का? गाडीचं नाक फुटपाथवर आलं तर बाबागाडीवाली आई किंवा व्हीलचेअरवाले आजोबा रस्त्यावर उतरणार. खोली कमी भरली की अर्ज नामंजूर, आणि अर्जाची फी सहसा परत मिळत नाही. मी आमच्या अंगणाचं माप स्वतःच तीनदा घेतलं, बायको हसत होती. ५.१ मीटर भरलं, तेव्हाच फॉर्म उघडला.

दिव्याचा खांब आडवा आला तर तुमच्या खर्चाने हलवता येतो, पण ते बिल कधीकधी कर्बपेक्षा मोठं. झाड आडवं आलं तर बहुतेक वेळा नकारच, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

दुसरी परवानगी वेगळी: प्लॅनिंग. घर ए, बी किंवा सी वर्गाच्या रस्त्यावर असेल किंवा फ्लॅट असेल तर ती बहुधा लागतेच. केंटसारख्या भागात तर कर्बचा अर्ज काउंटीकडे आणि प्लॅनिंगचा डिस्ट्रिक्टकडे. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याने म्हटलं असं नाही. पावसाचंही बघा. २००७ च्या पुरानंतर, ऑक्टोबर २००८ पासून नियम आहे: समोरच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त फरशी घालायची तर पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, नाहीतर प्लॅनिंग परवानगी काढा. खडी किंवा पाणी झिरपणारे ब्लॉक घाला, प्रश्न मिटला.

एवढा खटाटोप लोक का करतात? इलेक्ट्रिक गाडी! घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के, बाहेरच्या चार्जरवर २०, आणि रात्रीचा स्वस्त दर वेगळाच. पण तुमच्या ड्रॉप्ड कर्बसमोर मग दुसऱ्या कुणाला गाडी लावता येत नाही, म्हणजे गल्लीतली एक जागा कमी झाली. म्हणून अर्ज टाकण्याआधी शेजाऱ्यांच्या कानावर घाला. आमच्या शेजारच्या काकूंची अट एकच होती: त्यांच्या मुलीची गाडी रविवारी आमच्या अंगणात.

आणि हो, मंजुरी आली तरी तुमच्या ड्राइव्हवेवाल्याला थेट फुटपाथ खणायला लावू नका. ते काम काउन्सिल स्वतः करते किंवा तिच्या मान्यतेचा कॉन्ट्रॅक्टर. तुमचा अर्ज कुठे अडकला असेल तर मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात!