वाळूला रंग येतो कुठून?

श्रोतेहो, वाळवंट म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते पंढरपूरचं, चंद्रभागेच्या काठचं. भूगोलाच्या पुस्तकातलं वाळवंट निराळं. तिथं नदी नाही, आणि चित्रात वाळू नेहमी पिवळीधमक. आता कोयनानगरच्या शाळेत एखाद्या पोरानं विचारलं, "गुरुजी, मग आपल्या नदीची वाळू काळी का?" तर काय सांगाल?

वाळू म्हणजे खडकाचा भुगा. जसा खडक, तशी वाळू. सह्याद्रीचा काळा फत्तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात लोखंड पुष्कळ, गारगोटी जवळजवळ नाहीच. राजस्थानच्या वाळूत गारगोटीचेच कण जास्त. म्हणून ती फिकी, आपली काळसर.

पण एवढ्यानं भागत नाही. आफ्रिकेतल्या नामिबच्या वाळवंटात डोंगराएवढ्या वाळूच्या टेकड्या आहेत, विटेसारख्या तांबड्या. तिथला कणही मूळचा गारगोटीचाच! त्यावर लोखंडाच्या गंजाचं अगदी पातळ पूट चढलेलं असतं, इतकंच. समुद्राजवळची वाळू फिकी, आत जावं तसतशी तांबडी. हाच गंज आपल्या सड्यांवरच्या जांभ्यात आहे. वर्षानुवर्षांच्या पावसानं दगडातला चुना न् पोटॅश धुऊन नेलं, लोखंड मागं राहिलं. जांभ्याची जमीन दिसायला देखणी, पण पिकाला हलकी, ती यामुळंच. कुंभाराची वीट भट्टीत लाल होते, तीही मातीतल्या लोखंडानं.

कुंभार्ली घाट उतरून पुढं रत्नागिरीला गेलात, तर तिथं एका किनाऱ्याचं नावच 'काळा समुद्र'. लाटा हलके कण ओढून नेतात, आणि इल्मेनाइटसारखे काळे, जड कण मागं उरतात.

पांढरीशुभ्र वाळूही असते बरं का. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये सुमारे ७०० चौरस किलोमीटर पसरलेली आहे. ती जिप्समची, म्हणजे गुरुजींच्या हातातला खडू ज्याचा करतात त्याची. जिप्सम पाण्यात विरघळतं. त्या खोऱ्यातून समुद्राकडं जाणारी नदी नाही, पाऊसही बेताचा, म्हणून ते तिथं टिकलं. कोयनेच्या पावसात त्याचा निभाव लागायचा नाही.

मुलांना करून दाखवायचं असेल, तर नदीची मूठभर वाळू उन्हात खडखडीत वाळवा आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. काही काळे कण टुणकन चिकटतील. ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. चुंबक मात्र आधी कागदात गुंडाळा. नाहीतर चिकटलेली पूड खरवडण्यातच तुमचा तास संपेल.