पडला किती, मुरला किती?

(आंबोली, ता. सावंतवाडी येथील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे.)



कापूस-ज्वारीच्या मुलखातून तुम्ही एवढ्या लांब आंबोलीला आलात. आपल्याकडे वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस वेळेवर झाला की आपण त्याला चांगले साल म्हणतो. इथे सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पडतो. म्हणजे आपला नऊ-दहा वर्षांचा पाऊस इथे एका पावसाळ्यात! पण हे पाणी थांबते कुठे? काही धबधब्यांतून घाट उतरून समुद्राला जाते, काही हिरण्यकेशीतून पूर्वेला वाहून जाते. आणि एप्रिल-मे आला की याच कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर बायकांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते.

जिरायत शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाऊस पडला किती ते रेडिओ सांगतो. मुरला किती ते आपण कुदळ मारून बघतो. ओल चार बोटे गेली की वीतभर, त्यावर पेरायचे की थांबायचे ते ठरते.

सरकारी योजनांचेही असेच आहे. मुंबईत योजना धो धो पडतात. जाहिराती येतात, फोटो येतात. आज आपल्याला एवढेच बघायचे आहे की आपल्या गावात त्यातले मुरले किती, आणि मुरत नसेल तर पाणी कोणत्या बांधाशी फुटते.

ज्या गावात आपण बसलो आहोत त्याच्यापासूनच सुरुवात करू. आंबोली, चौकुळ आणि गेळे ही तीन गावे. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून इथे कबुलायतदार-गावकर पद्धत होती. गावकऱ्यांनी संस्थानला कबुलायत लिहून द्यायची, गावाचा सारा भरायचा आणि जमीन सामाईकपणे कसायची. पिढ्यान् पिढ्या इथल्या लोकांनी भात पिकवला, नाचणी पिकवली. पण संस्थान गेले, कायदे बदलले आणि बऱ्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लागले "महाराष्ट्र शासन". कसणारा तोच, घाम त्याचाच, पण कागदावर तो कोणीच नाही. मग पीककर्ज मागायला गेला की बँक विचारणार, सातबारा कुठे आहे? योजनेचा अर्ज भरायला गेला की तोच प्रश्न. या तीन गावांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे सरकारला वाटपाचे निर्णय घ्यावे लागले. एकेकट्याने तहसील कचेरीत खेटे घातले असते तर हा प्रश्न कधीच दप्तरी दाखल झाला असता. गाव एकत्र राहिले म्हणून तो जिवंत राहिला.

तुम्ही म्हणाल, ही कोकणातली भानगड. आमच्याकडे सातबारे नावावर आहेत. आहेत का खरेच? किती घरांत सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यांनी हात वर करा. (बरेच हात वर.) बघा! इथे जमीन सरकारच्या नावावर आहे, तुमच्याकडे ती मेलेल्या माणसाच्या नावावर आहे. फरक तो काय?

मी हवेतले बोलत नाही. २०२५ साली महसूल खात्याला मयत खातेदारांची नावे काढून वारसांची नावे लावण्यासाठी "जिवंत सातबारा" नावाची मोहीम काढावी लागली. ती सुरू कुठून झाली? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून. तिथे काम दिसले, मग एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर नेली. मेलेल्यांचे सातबारे जिवंत करायला सरकारलाच मोहीम काढावी लागते, यावरून रोग किती पसरला असेल ते ओळखा.

आता या रोगाची किंमत मोजू. केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये. २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेचे आणखी ६,०००. एकूण १२,०००. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाची किंमत सुमारे ९०० रुपये होती. म्हणजे हे १३ पाकिटांचे पैसे आहेत, पाच-सहा एकरांचे बियाणे! पीएम-किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असावी लागते. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर पैसे मिळत नाहीत. पण खातेदार वारला आणि वारसाने नाव लागले तर मिळतात. आणि वारसनोंदच केली नाही, तर? घरात पाच एकर असून तुम्ही कागदावर भूमिहीन.

दुसरी योजना अपघाताची. साप चावला, वीज पडली, विजेचा धक्का बसला, विहिरीत पडला, फवारताना विषबाधा झाली. मृत्यू झाला तर २ लाख रुपये, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. २०२३ पासून ही गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला सातबाऱ्यावर नाव नसलेला एक माणूस, वय १० ते ७५, यात बसतो. पण अर्ज कधी करायचा? ३० दिवसांच्या आत, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. ज्या घरात तेराव्यापर्यंत चूल नीट पेटत नाही, त्या घरातल्या बाईने पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, वारसांची नोंद हे सगळे ३० दिवसांत गोळा करायचे! शेजारी कोणी हाताशी नसेल तर ती कुठून करणार?

तिसरी गोष्ट बोलताना जीभ जड होते, पण आपल्याच भागाची आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला १ लाखाची मदत. २००५ च्या डिसेंबरात हा निर्णय झाला. तेव्हापासून "पात्र" आणि "अपात्र" हे दोन शब्द विदर्भ-मराठवाड्यातल्या गावागावांत सगळ्यांना पाठ झाले आहेत. जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, ते थकले होते का, हे बघतात. नातेवाइकाकडून किंवा बिनपरवाना सावकाराकडून घेतलेल्या पैशाला कागद नाही. कागद नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून माणूस अपात्र. मेल्यावरही नापास!

इथे काही जण मला हटकतात. म्हणतात, आपण भावासाठी लढणारी माणसे, कापसाला दाम मागणारी. हे अर्ज भरणे म्हणजे झोळी पसरणे झाले. भावांनो, हा प्रश्न खरा आहे म्हणून त्याला उत्तर देतो. भावाची लढाई सोडायची असे कोणीही म्हणत नाही. १२,००० रुपयांनी कापसाचा पडलेला भाव भरून येत नाही, हे मला तुमच्याइतकेच कळते. पण कायद्याने आणि सरकारच्या निर्णयाने जे आपल्या नावे निघाले आहे ते तहसीलच्या पायरीवर सोडून येण्यात कसला स्वाभिमान? विधवा बहिणीला भाव मिळेपर्यंत थांब म्हणून सांगणार का? आणि सातबाऱ्यावर नाव लावणे ही काही भीक नाही. १९८९-९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीत घरच्या लक्ष्मीचे नाव लावले. पुढे १९९२ साली सरकारने त्यासाठी परिपत्रक काढले. आधी गावाने केले, मग सरकार मागे आले. चळवळीची माणसे कागदाला कमी लेखत नव्हती.

मग आज अडते कुठे? अडते ते माहितीवर. तहसीलच्या दाराशी दलाल उभा असतो. त्याला शिव्या देऊन काही होणार नाही. त्याच्याजवळ जादू नाही. कोणता फॉर्म, कोणते चार कागद, कोणत्या टेबलावर, एवढेच त्याला ठाऊक असते. ते आपल्याला ठाऊक नाही म्हणून तो पैसे घेतो. हे ज्ञान गावात आणले की दलालाचा धंदा आपोआप बसेल.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक गावात एक मदत टेबल लावा. आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी, शाळेत नाहीतर समाजमंदिरात. बारावी झालेल्या दोन मुली, एक मुलगा आणि गावातला एक जाणता माणूस, एवढे पुरे. एक जाड रजिस्टर घ्या. त्यात लिहा: नाव, काम, कोणते कागद जोडले, अर्ज कधी दिला, पोच मिळाली का, पुढची तारीख. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही याच टेबलावर तपासा. आधार, बँक खाते आणि सातबारा यांत नावाचे स्पेलिंग जुळते का ते बघा. एका काना-मात्रेवरून हप्ते अडतात.

टेबलाचे चार नियम पाळा. एक, तारखेच्या पोचेशिवाय अर्ज द्यायचा नाही. दोन, सेवा केंद्राच्या फलकावरच्या दरापेक्षा एक पैसा जास्त द्यायचा नाही, आणि टेबलावर बसणाऱ्याने चहासुद्धा घ्यायचा नाही. तीन, कोणाचेही मूळ कागद, पासबुक, मोबाईलवर आलेला आकडा आपल्याकडे ठेवायचा नाही. चार, रजिस्टर दर महिन्याला लोकांसमोर वाचायचे.

पोचेला एवढे महत्त्व का? पोच नसलेला अर्ज म्हणजे न उगवलेले बी. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे होते. ते १५ दिवस मोजायचे कुठून? तारखेच्या पोचेवरून. आज २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण हातात पोच नसेल तर हा कायदा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा.

सुरुवात कुठून करायची? मी शेतीचा पदवीधर आहे. पाणलोटाचे काम आम्हाला शिकवले ते माथ्यापासून पायथ्याकडे. वरचा बांध नीट नसेल तर खालचे सगळे वाहून जाते. इथला वरचा बांध म्हणजे वारसनोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्या. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आणि एक बजावून सांगतो: लेकींची आणि विधवा सुनेची नावे गाळून नोंद करू नका. ज्या घरात बाई एकटी आहे तिथे टेबलावरच्या मुलींनी स्वतः जावे. वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तिथेच भरावा. २०२३ पासून महिना १,५०० रुपये आहेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे रजिस्टर भरत जाईल तसे तुम्हाला दिसेल की काही माणसे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत मजूर होते. मजुराच्या घरात सातबारा नाही म्हणून अपघाताची शेतकरी योजना त्याला लागू नाही. बटईने, ठोक्याने शेत करणारा पीक काढतो, पण पीएम-किसानचा हप्ता मालकाच्या खात्यात जातो. अशा प्रत्येक माणसाचे नाव रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहा, आणि तो का बसला नाही ते त्याच्यापुढे लिहा. पुढच्या पानांवर आपल्याला सरकारकडून काय वसूल करायचे ते असेल. मागच्या पानांवर कोणता कायदा बदलून घ्यायचा ते असेल. अशी शंभर गावांची मागची पाने घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांपुढे बसलो, तर "निवेदन मिळाले" म्हणून आपली बोळवण करता येणार नाही.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एकच कागद आणायचा. गावात मयताच्या नावावर असलेले सातबारे किती, त्यांपैकी वारसनोंदीचे अर्ज दिले किती, आणि पोचा मिळाल्या किती. तीन आकडे. भाषणे त्यानंतर करू.