मुलाखतीची तयारी कोणी करून घ्यायची?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.ची लेखी परीक्षा पात्रतेपुरती ठेवली आणि निवड मुलाखतीवर सोपविली. २०२२ च्या नियमांत विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेसाठी लेखीला ७० व मुलाखतीला ३० टक्के गुणभार आहे. प्राध्यापकाच्या मुलाची या तीस टक्क्यांची तयारी घरी जेवतानाच होते! ऊसतोड कामगाराच्या मुलीची कोण करून घेणार? विषय तिला येतो. पण हाच प्रश्न का निवडला, साधने कोणती, आधीच्या संशोधकांनी काय सोडले, याची उत्तरे परक्या माणसांपुढे बोलून दाखविण्याची सवय तिला नसते. शाखेच्या कार्यालयात तिघा जाणत्यांनी रविवारी तिच्यासमोर बसावे, आराखड्यावर उलटसुलट विचारावे, मध्येच तोडावे. ठाऊक नसेल तेथे सरळ तसे सांगण्याचा सरावही याच बैठकीत व्हावा.