सतरा-अठरा वर्षांचे जगज्जेते

रस्त्यावरील सायकल शर्यतींच्या ज्या प्रकाराला टाइम ट्रायल म्हणतात, त्यात स्पर्धक एकत्र सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक जण उतरत्या फळीवरून रस्त्यावर येतो, नेमून दिलेले अंतर एकट्याने कापतो आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो विजयी ठरतो. मुंबई-पुणे शर्यतीच्या बातम्या वाचणाऱ्या आणि ‘घाटाचा राजा’ हा किताब ऐकून असलेल्या मराठी वाचकांच्या ओळखीचा प्रकार याहून वेगळा आहे, कारण त्या शर्यतीत सारे एकदम सुटतात, घोळक्याने धावतात आणि पुढच्याच्या पाठीमागे राहून वाऱ्याचा मारा चुकवत दम राखून ठेवतात. टाइम ट्रायलमध्ये हा आडोसा नियमानेच काढून घेतलेला असतो. मागून सुटलेल्याने पुढच्याला गाठलेच, तर ओलांडताना बाजूने किमान २ मीटरचे अंतर ठेवावे लागते, आणि मागे पडलेला स्पर्धक त्यानंतरही पुढच्याच्या २५ मीटरांच्या आत चिकटून राहिला, तर त्याच्या वेळेत दंडाचे सेकंद वाढतात.

आडोशाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर हवेत आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते आणि हा खर्च वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा, तर हवेविरुद्ध लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच या शर्यतीची सायकल वेगळी असते, तिच्या हँडलवर कोपरे टेकवून हात पुढे लांबवता येतात, मागचे चाक बहुधा तबकडीसारखे बंद असते आणि स्वार पाठ आडवी करून, मान खाली घालून बसतो. सुरुवातीलाच जोर लावणारा अर्ध्या वाटेवर ढेपाळतो आणि फार राखून खेळणाऱ्याजवळ शेवटी न वापरलेली ताकद उरते, हे दोन्ही तोट्याचे. त्यामुळे चढावर आणि समोरून वारा असताना थोडे अधिक खर्चायचे व उतारावर हात आखडता घ्यायचा, हा हिशेब ज्याला साधतो, त्याचे काम निम्मे झालेले असते. सतरा वर्षांच्या मुलाकडून असा संयम अपेक्षिणे ही मुळात कठीण गोष्ट आहे, आणि या स्पर्धेची गोडीही तिथेच आहे.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वैयक्तिक टाइम ट्रायलचा समावेश तसा उशिरा, १९९४ मध्ये झाला. त्या वर्षी सिसिलीतील आग्रिजेंतो येथे प्रौढ पुरुषांचे पहिले विजेतेपद ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने मिळवले आणि ज्युनियर मुलांची स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. ज्युनियर म्हणजे त्या वर्षात ज्यांना १७ किंवा १८ वर्षे पूर्ण होतात असे खेळाडू. त्यापुढचा १९ ते २२ वर्षांचा गट ‘२३ वर्षांखालील’ म्हणून ओळखला जातो व त्याची टाइम ट्रायल १९९६ पासून होते. या दुसऱ्या गटात मुलींच्या वाट्याला बरीच वर्षे उपेक्षा आली. २०२२ पासून त्यांना किताब मिळू लागला खरा, पण तो प्रौढ महिलांच्या शर्यतीतूनच निवडून. स्वतंत्र शर्यत २०२५ मध्ये रवांडातील किगाली येथे, म्हणजे आफ्रिकेत भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत झाली आणि ती ब्रिटनच्या झोई बॅकस्टेडने जिंकली. या स्पर्धांचे नियमन ‘यूसीआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना करते. ज्युनियर गट अवघा दोन वर्षांचा असल्यामुळे त्यातली संधी हुकली की हुकली: २०२० मध्ये साथीमुळे इटलीतील इमोला येथे केवळ प्रौढांच्या शर्यती झाल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या एका अख्ख्या तुकडीची या किताबासाठी लढण्याची दुसरी आणि अखेरची संधी हुकली.

ज्युनियर गटाला प्रौढांपासून खऱ्या अर्थाने वेगळे करणारा नियम वयाचा नव्हे, गिअरचा होता. पॅडलचा एक पूर्ण फेरा झाला की सायकल जेवढी पुढे जाते, तेवढ्या अंतराला इथे मोल आहे; गिअर जितका जड, तितके हे अंतर अधिक आणि गुडघ्यावरचा ताणही अधिक. वाढत्या वयातील सांधे जपावेत आणि मुलांनी जड गिअर रेटण्याऐवजी पाय भरभर फिरवायला शिकावे, अशा हेतूने ज्युनियरांसाठी हे अंतर ७.९३ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये, असे बंधन होते. व्यवहारात पुढच्या चक्राला ५२ आणि मागच्या चक्राला १४ दाते असले की ते साधत असे. तपासणीची रीत अगदी साधी होती. जमिनीवर ७.९३ मीटरच्या अंतराने दोन रेघा आखलेल्या असत. सायकल सर्वांत जड गिअरमध्ये घालून एका रेघेवर उभी करायची, पॅडल बरोबर खाली आणायचे आणि ते एक फेरा घेऊन पुन्हा खाली येईपर्यंत सायकल मागे ढकलत न्यायची. चाक दुसऱ्या रेघेपलीकडे गेले, तर दंड ठरलेला, मग तो स्पर्धक रस्त्यावर कितीही भरधाव आलेला असो. बाजारात येणाऱ्या नव्या सायकलींच्या मागच्या चक्रांत ११ किंवा १० दात्यांपर्यंतचे लहान चक्र असते, त्यामुळे या मुलांना वेगळी चक्रे शोधून बसवावी लागत. अखेर १ जानेवारी २०२३ पासून यूसीआयने हे बंधन उठवले. खर्च आणि खटपट वाचली, ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र जुन्या ज्युनियर विजेत्यांचे वेग वाचताना त्यांचे गिअर बांधलेले होते, हे विसरून चालणार नाही.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे २०१८ मध्ये जे घडले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाटेन्सपासून इन्सब्रुकपर्यंतचे २७.८ किलोमीटर बेल्जियमच्या रेम्को एव्हनपूलने ३३ मिनिटे १५ सेकंदांत पार केले, म्हणजे त्याचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर पडला. एका फेऱ्यात ७.९३ मीटर या हिशेबाने तेवढा वेग राखायचा, तर पाय मिनिटाला १०५ वेळा फिरले पाहिजेत, तेही चढ-वळणांसह, अर्ध्या तासाहून अधिक काळ, आडव्या पाठीने. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा लुकास प्लॅप त्याच्या १ मिनिट २३ सेकंद मागे होता. जिथे पदकांचा निकाल अनेकदा पाच-दहा सेकंदांत लागतो, तिथे एवढी तफावत स्पर्धेचा रसच काढून घेणारी म्हणावी लागेल. आणि विजेता आदल्याच वर्षापर्यंत फुटबॉलपटू होता, हे कळल्यावर उरलेल्यांनी काय करावे हा प्रश्नच होता. रस्त्यावरील सामुदायिक शर्यतही त्याच आठवड्यात त्यानेच जिंकली.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील हॅरोगेट येथे मात्र घड्याळाने दुसरा खेळ दाखवला. ज्युनियर मुलांच्या शर्यतीत इटलीच्या आंतोनिओ तिबेरीला सुटल्यासुटल्या सायकलमधील बिघाडामुळे सायकल बदलावी लागली, तरी तो जिंकला. मुलींच्या शर्यतीत रशियाच्या आयगुल गारेयेवाने शेवटच्या टप्प्यात चुकीचे वळण घेतले, वळून पुन्हा मार्गावर आली आणि तरीही चार सेकंदांपेक्षा कमी फरकाने पहिली आली. घोळक्यातल्या शर्यतीत अशी चूक झाली असती, तर ती त्याच क्षणी जाणवली असती, कारण पुढचे सगळे डोळ्यांदेखत निघून गेले असते. इथे ती चूक किती महाग पडली किंवा पडली नाही, हे शेवटचा स्पर्धक येऊन पोहोचेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. विजेती आधी येऊन खुर्चीत बसून राहते आणि एकेकीचा वेळ फळ्यावर झळकताना पाहते, हा प्रकार दूरदर्शन संचावर कंटाळवाणा वाटला, तरी त्या खुर्चीतल्या मुलीसाठी तो मुळीच तसा नसतो.

या किताबावरून पुढच्या कारकिर्दीचा अंदाज बांधता येतो का, असे विचारले तर विजेत्यांची यादी दोन्ही बाजूंनी साक्ष देते. स्वित्झर्लंडचा फाबियान कान्सेलारा १९९८ आणि १९९९ असा दोनदा ज्युनियर विजेता होता, आणि पुढे प्रौढांत चार जागतिक विजेतेपदे व दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवून त्याने हा अंदाज खरा केला. एव्हनपूलने तर २०२३ ते २०२५ अशी सलग तीन प्रौढ जागतिक विजेतेपदे आणि पॅरिसचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. पण २००५ आणि २००६ चा ज्युनियर विजेता, जर्मनीचा मार्सेल किट्टेल, पुढे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीसाठी नव्हे, तर अंतिम रेषेजवळच्या शेवटच्या दोनशे मीटरांच्या झेपेसाठी नावाजला गेला आणि टूर द फ्रान्सचे १४ टप्पे त्याने तसेच जिंकले. नॉर्वेच्या ऑस्कर स्वेन्सेनची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, हे वजनाच्या प्रमाणात मोजण्याचे एक परिमाण आहे. निरोगी तरुणात ते साधारण ४० ते ५० च्या घरात असते, आणि स्वेन्सेनचे ९७.५ मोजले गेले. २०१२ मध्ये हॉलंडमधील व्हाल्केनबुर्ग येथे तो ज्युनियर विजेता झाला आणि विशीतच त्याने स्पर्धात्मक सायकलिंग सोडून दिले. त्या दिवशी त्याच्या मागे दुसरा आलेला स्लोव्हेनियाचा माते मोहोरिच दहा वर्षांनी मिलान-सान रेमो ही जुनी, मानाची शर्यत जिंकला. स्पेनमधील पोन्फेरादा येथे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅम्पबेल फ्लेकमोरने आयर्लंडच्या रायन मुलनला ०.४८ सेकंदाने, म्हणजे रस्त्यावर मोजले तर जेमतेम सहा-सात मीटरांनी मागे टाकून २३ वर्षांखालील किताब घेतला, व्यावसायिक संघात एक मोसम काढला आणि खेळातून तोही बाहेर पडला.

असे असूनही व्यावसायिक संघांना हल्ली थांबायला वेळ नाही. एव्हनपूल ज्युनियर गटातून थेट मोठ्या संघात गेला. २०२२ चा ज्युनियर विजेता, वेल्सचा जोश टार्लिंगही गेला आणि एकोणिसाव्या वर्षी प्रौढांचे जागतिक कांस्यपदक घेऊन आला. २०२४ मध्ये झुरिचला जिंकलेला फ्रान्सचा पॉल सेक्सास अठराव्या वर्षी व्यावसायिक झाला. मधला, चार वर्षांचा गट त्यामुळे ओस पडत चालला आहे, आणि डेन्मार्कच्या मिकेल ब्येर्गने २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे त्या गटात विजय मिळवले, तसा पराक्रम करायला यापुढे कोणी थांबेल, असे वाटत नाही. ज्यांना हे झेपले त्यांची नावे वर आलीच आहेत. ज्यांना झेपले नाही त्यांची नावे निकालपत्रांत पहिल्या पानावर नसतात, म्हणून हा सौदा फायद्याचा आहे असे मानणे घाईचे ठरेल. अर्ध्या तासाच्या शर्यतीत दिसते ते त्या दिवशीचे शरीर आणि त्या दिवशीचे डोके. ते आणखी वाढेल की तिथेच थांबेल, हे सांगणारे घड्याळ अद्याप निघालेले नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या टाइम ट्रायलचे सुवर्णपदक जिंकणारा स्लोव्हेनियाचा प्रिमोज रोग्लिच ज्युनियर वयात सायकलच्या शर्यतीत नव्हताच. २००७ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो ज्युनियर जगज्जेता झाला खरा, पण स्की-जंपिंगच्या सांघिक स्पर्धेत.